उतारावरचे पाणी : तुळजापूर–नळदुर्ग परिसरातील दडलेल्या जलव्यवस्थांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात पाणी हा विषय प्रामुख्याने दोन ठिकाणी येतो : दुष्काळाच्या प्रकरणात आणि किल्ल्यांच्या वर्णनात. पहिल्या ठिकाणी पाणी नसते. दुसऱ्या ठिकाणी ते टाके, विहीर, खंदक अशा शब्दांत बंदिस्त झालेले असते. ते कोणत्या उतारावरून आले, कोठे जमिनीखाली गेले, कोठे पुन्हा वर आले आणि वापरून झाल्यावर कोणत्या वाटेने बाहेर पडले, हा मधला प्रवास मात्र सहसा लिहिला जात नाही. याचे कारण साधनांच्या स्वरूपात आहे. शिलालेख बांधणाऱ्याचे नाव व वर्ष सांगतो. सनदा व महसुली कागद इनाम, हक्क आणि तंटे सांगतात. जमिनीखालच्या नळाची वाट सांगणारा कागद क्वचितच हाती लागतो. ती वाट उतार पाहत, पायांनीच शोधावी लागते.

पायी चालत पाणी शोधण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त दकार्गल या विषयाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. झाडे, वारुळे, मातीचा रंग आणि खडक यांच्या खुणांवरून भूमिगत पाण्याचा अंदाज कसा बांधावा, हे त्यात सांगितले आहे. खेड्यापाड्यांतून विहिरीची जागा दाखविणारा पाणाडी आजही शिवारात चालूनच आपले काम करतो. त्याच्या निदानाची शास्त्रीयता वादग्रस्त आहे. परंतु जमीन पायांखाली घेतल्याशिवाय पाण्याविषयी बोलू नये, एवढी शिस्त तरी त्याच्याकडून घेण्यासारखी आहे.

दडलेल्या पाण्याचा प्रश्न केवळ ग्रामीण नाही. लंडनमधील फ्लीट ही नदी अठराव्या शतकापासून टप्प्याटप्प्याने झाकली गेली आणि आज ती त्या शहराच्या गटारव्यवस्थेचा भाग म्हणून रस्त्यांखालून वाहते. दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे चॉन्गेचॉन हा झाकलेला ओढा वरचा उन्नत मार्ग पाडून 2005 मध्ये पुन्हा उघडा करण्यात आला. त्याच वर्षी 26 जुलै रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईकरांना मिठी या नदीची नव्याने ओळख झाली. पुण्यातील आंबील ओढ्याचा मूळ प्रवाह पेशवाईत वळवून शहराच्या पश्चिमेकडून मुठेला मिळविण्यात आला होता; 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री या ओढ्याला आलेल्या पुराने माणसे व घरे वाहून नेली. नदी-ओढ्यांची स्मृती नागरिकांच्या मनातून गेली तरी उताराच्या लेखी ती कायम असते.

प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे क्षेत्र आणि त्याच तालुक्यातील नळदुर्ग ही दोन स्थळे घेतली आहेत. ती निवडण्यामागे कारण आहे. तुळजापुरात पाण्याचे मुख दाखविले जाते आणि त्याचा मार्ग दडलेला असतो. नळदुर्गात याच्या उलट पाणी सर्वांसमोर कोसळते आणि बांधकाम त्याच्या आड दडलेले असते. या दोन रीतींचा संबंध आज एका नळाने जोडला गेला आहे; त्याचा विचार लेखाच्या अखेरीस केला आहे.

तुळजापूरचा उतार

बालाघाटची डोंगररांग ही गोदावरी आणि भीमा या खोऱ्यांमधील जलविभाजक होय. तुळजापूर या रांगेच्या दक्षिण कडेवर वसले आहे. सोलापूरहून सुमारे 45 किलोमीटरचा प्रवास करून येणाऱ्यास शेवटी घाट चढावा लागतो. आश्विन पौर्णिमेला सोलापूरहून आणि कर्नाटकाच्या सीमाभागातून मोठ्या संख्येने भाविक पायी तुळजापूरला येतात, त्यांना हा चढ शब्दशः पायांनी कळतो. मात्र घाट चढून गावात पोहोचल्यानंतर देवीच्या दर्शनासाठी आणखी चढावे लागत नाही, उलट उतरावे लागते. महाद्वारातून आत गेल्यावर पायऱ्यांची रांग खाली खाली जाते आणि मंदिर यमुनाचलाच्या कुशीत, एका खोलगट जागी लागते. देवस्थान डोंगरमाथ्यावर असावे, या सर्वसाधारण अपेक्षेला हा अपवाद आहे. सप्तशृंग, जेजुरी या ठिकाणी भक्त शेवटपर्यंत चढतो. तुळजापुरात तो चढून आल्यावर उतरतो.

या उतरण्याचा पाण्याशी संबंध असावा, असे मानण्यास जागा आहे. दख्खनचे पठार लाव्हारसाच्या एकावर एक आडव्या थरांनी बनले आहे. घट्ट काळा पाषाण, सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि दोन थरांच्या मध्ये कधीकधी सापडणारा गेरूसारखा लाल मातकट पट्टा, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी भेगांतून आणि मांजऱ्यातून खाली झिरपते. खाली न झिरपणारा थर लागला की ते आडवे सरकू लागते आणि डोंगराच्या उतारावर तो थर जेथे उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. म्हणूनच बालाघाटात आणि सह्याद्रीतही झरे बहुधा माथ्यावर नसतात. ते कडेच्या खाली, कुशीत असतात. तुळजापूरची तीर्थे अशाच जागी आहेत. देवीचे स्थान प्रथम ठरले की पाण्याचे, हा प्रश्न श्रद्धेच्या दृष्टीने गौण आहे. परंतु वस्तीच्या इतिहासाच्या दृष्टीने तो विचारलाच पाहिजे.

पायऱ्या उतरताना मुख्य मंदिराच्या आधी कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागतात. सर्व तीर्थे कल्लोळ करीत येथे एकत्र आली, अशी कल्लोळ तीर्थाविषयीची श्रद्धा आहे. गोमुखातून पाण्याची धार पडते. भाविक येथे हातपाय धुतात, स्नान करतात आणि मग सिद्धिविनायकाचे दर्शन घेऊन निंबाळकर दरवाजातून आत जातात. हा क्रम धार्मिक विधीचा असला तरी त्याला व्यावहारिक बाजूही आहे. अनेक दिवस चालून, धुळीने माखून आलेल्या यात्रेकरूंच्या समुदायाला गाभाऱ्यापूर्वी पाणी देणे ही कोणत्याही मोठ्या यात्रास्थळाची पहिली गरज होती. यात्रेचा आकार पाण्याच्या आकाराने ठरत असे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

गोमुखाची रचना पाहताना सामान्यतः दगडी गायीच्या तोंडाकडे लक्ष जाते. वास्तविक ते व्यवस्थेचे शेवटचे टोक आहे. खडकातून पाझरणारे पाणी प्रथम एका ठिकाणी गोळा करावे लागते. त्यासाठी भिंतीआड कोठी किंवा चर असावा लागतो. त्या चराला अत्यल्प पण अखंड उतार द्यावा लागतो. पाणी मुखापेक्षा किंचित उंचीवर साठले तरच त्याची धार पडते. मुखातून पडलेले पाणी कुंडात येते आणि कुंड भरल्यावर उरलेले पाणी बाहेर नेण्यासाठी आणखी एक वाट ठेवावी लागते. अन्यथा पायऱ्याच पाण्याखाली जातील. म्हणजे दिसणाऱ्या एका धारेमागे आणि पुढे न दिसणारे दोन मार्ग असतात : आवकीचा आणि जावकीचा. महाराष्ट्रात अनेक गोमुखांविषयी त्यातील पाणी थेट गंगेतून येते, अशी श्रद्धा आढळते. या श्रद्धेकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहू नये. पाणी दुरून, जमिनीखालून, न दिसणाऱ्या वाटेने येते हे सत्य त्या श्रद्धेने आपल्या भाषेत जपले आहे. आवकीचा मार्ग असा कथेत तरी उरतो. जावकीच्या मार्गाला मात्र कथा नाही, नाव नाही आणि पुजारीही नाही. म्हणूनच तो प्रथम बुजतो.

मंदिराबाहेरही गावात पाण्याची जुनी स्थाने आहेत. पापनाश तीर्थ आणि मंकावती कुंड ही त्यांपैकी विशेष उल्लेखनीय होत. ही स्थाने स्वतंत्र देवस्थाने म्हणून न पाहता एकाच उतारावरचे टप्पे म्हणून पाहिली, तर यात्रेचे गाव कसे वाढले असावे याचा काही अंदाज येतो. वरच्या कुंडातले पाणी देवाचे, त्याखालचे स्नानाचे, त्याखालचे जनावरांचे आणि शेवटी मळ्याचे, हा क्रम दख्खनच्या अनेक जुन्या गावांत सापडतो. तुळजापूरच्या बाबतीत तो तंतोतंत असाच होता असे येथे म्हणावयाचे नाही. पण तपासून पाहण्याचे सूत्र म्हणून तो उपयुक्त आहे. गावात फिरताना कोणती गल्ली अकारण वळते, कोणत्या घराचे जोते इतरांपेक्षा उंच आहे, भर उन्हाळ्यात कोणत्या भिंतीच्या पायथ्याशी ओल राहते आणि उंबर कोठे माजला आहे, या खुणा कोणत्याही नकाशात नसतात.

तुळजापूरचा लिखित इतिहास मुख्यतः 1659 च्या अफजलखानाच्या स्वारीभोवती फिरतो. ती घटना महत्त्वाची आहे, यात शंका नाही. मात्र एका स्वारीचा इतिहास लिहिताना शतकानुशतके रोज वाहणाऱ्या पाण्याचा इतिहास मागे राहिला. मराठवाड्यातील आणखीही कितीतरी क्षेत्रांच्या वाट्याला हेच आले आहे.

बांधातील महाल

तुळजापूरहून सुमारे 35 किलोमीटरवर, सोलापूर–हैदराबाद महामार्गालगत नळदुर्ग आहे. नावातील ‘नळ’ या शब्दावरून पाण्याच्या नळाची आठवण होण्याचा मोह टाळला पाहिजे. परंपरेने हे नाव नळ राजाशी जोडलेले आहे. बालाघाटात उगम पावणारी बोरी नदी नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालून पुढे अक्कलकोट तालुक्यातून जाते व भीमेला मिळते. नदीच्या एका बाजूस मुख्य किल्ला आणि दुसऱ्या बाजूस रणमंडळ हा जोडकिल्ला आहे. या दोहोंना सांधणारा दगडी बांध विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, 1613 मध्ये, मीर महंमद इमादीन या स्थापत्यकाराने बांधला. बांधाची लांबी सुमारे 174 मीटर व उंची सुमारे 19 मीटर आहे. त्याची जाडी सर्वत्र सारखी नाही. काही ठिकाणी ती अडीच मीटर, तर काही ठिकाणी चौदा मीटरपर्यंत आहे.

या जाडीतच बांधाचे वैशिष्ट्य आहे. बांधाच्या माथ्यावरून एक जिना त्याच्या पोटात उतरतो आणि कमानी, सज्जे, खिडक्या असलेल्या दालनांत नेतो. हाच पाणी महाल. पावसाळ्यात नदी भरली की पाणी बांधावरच्या दोन सांडव्यांतून खाली झेपावते. लोकांनी या सांडव्यांना ‘नर’ आणि ‘मादी’ अशी नावे दिली आहेत. अशा वेळी महालातील खिडकीत उभ्या असलेल्या माणसाच्या समोरून पाण्याचा पडदा कोसळत असतो आणि आतील दालन मात्र कोरडे असते. पाठीमागे अडलेली नदी, समोर पडणारी नदी आणि मध्ये दगडात कोरल्यासारखी बैठक, अशी ही रचना आहे.

पाणी महालाचे वर्णन बहुतेक ठिकाणी सुलतानाचे विलासस्थान म्हणून केले जाते. ते खोटे नाही. इब्राहिम आदिलशहा हा ‘किताब-ए-नवरस’चा कर्ता, संगीताचा भोक्ता होता आणि विजापूरजवळ कुमटगी येथे आदिलशाही काळातील जलमंडप आजही उभे आहेत. पाण्याच्या सान्निध्यात बसण्याची हौस त्या दरबाराला निश्चित होती. तथापि केवळ हौशीने नळदुर्गाच्या बांधाचे स्पष्टीकरण होत नाही. बांधामुळे वरच्या अंगाला कायमचा डोह निर्माण झाला. त्याने किल्ल्याला पाणी मिळाले, तटाला नैसर्गिक खंदक मिळाला आणि दोन्ही किल्ल्यांना जोडणारा रस्ताही मिळाला. एका बांधकामातून चार कामे साधली गेली आणि त्यांपैकी सर्वांत कमी महत्त्वाचे जे काम, त्याच्याच नावाने ते प्रसिद्ध झाले.

येथे आणखी एक तर्क मांडता येईल. आजच्या मोठ्या धरणांच्या पोटात तपासणीसाठी गॅलरी ठेवलेली असते. धरणातून पाणी कोठे झिरपते, चुना अथवा सिमेंट कोठे धुपते हे आतून पाहिल्याखेरीज कळत नाही. नळदुर्गाच्या बांधात उतरणाऱ्या जिन्याने आणि दालनांनी हेच काम आपोआप झाले असले पाहिजे. सुलतान वर्षातून एखाद्या वेळी येई. बांधाची निगा राखणारे कारागीर मात्र वर्षभर तेथेच असणार. ओल कोठे धरली आहे, कोणत्या सांध्यातून पाणी पाझरते, हे त्यांना याच दालनांतून दिसले असणार. शिलालेखात राजा आहे आणि स्थापत्यकारही आहे, हे विशेषच. त्या कारागिरांचे नाव मात्र कोठेही नाही. चारशेहून अधिक पावसाळे सोसून बांध उभा आहे, एवढीच त्यांची नोंद.

1853 च्या तहानुसार निजामाने काही प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात दिला, त्यात नळदुर्गचाही समावेश होता. या प्रदेशाचा कारभार फिलिप मेडोज टेलर याच्याकडे आला आणि 1857 पर्यंत तो येथे होता. 1860 मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. टेलरच्या मृत्यूनंतर 1877 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नळदुर्गचे वर्णन आहे, तर 1863 मधील ‘तारा’ या त्याच्या कादंबरीचे कथानक तुळजापूरच्या मंदिराशी निगडित आहे. नळदुर्गचा बांध आणि तुळजापूरच्या पायऱ्या ही दोन्ही स्थळे एकाच लेखकाच्या लेखनात येतात, हा योगायोग नव्हे. कारभाराच्या निमित्ताने त्याला हा मुलूख फिरावा लागला होता. परकीय अधिकाऱ्याच्या दृष्टीला अर्थातच मर्यादा होत्या. तरी फिरतीवरच्या कारभाऱ्याला जे दिसते ते कचेरीत बसणाऱ्याला दिसत नाही, हे टेलरच्या लेखनावरून पटते.

फिरतीचा विषय निघाला म्हणून एका देवाचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरू नये. बोरीकाठच्या मैलारपूर-नळदुर्ग येथील आणि अणदूर येथील खंडोबाची मूर्ती एकच आहे. ती वर्षाचा मोठा काळ अणदूरला आणि उरलेला काळ नळदुर्गला असते. दोन्ही गावांत त्यासाठी परंपरेने करार होतो. देवाच्या मुक्कामाचा असा करार करणाऱ्या या गावांत, नदीच्या पाण्याच्या वाटपाविषयीही कधीकाळी काही रीत असेल काय, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊ शकेल.

दख्खनमधील एक दशक

नळदुर्गाचा बांध एकाकी पाहिला तर तो आदिलशाहीचा एक चमत्कार वाटतो. त्याच्या आजूबाजूची वर्षे पाहिली तर वेगळे चित्र दिसते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविली आणि त्याच दशकात उत्तरेकडील डोंगरांतून भूमिगत मार्गाने शहरात पाणी आणले, ही नहर-ए-अंबरी. मोगलांच्या ताब्यातील बुऱ्हाणपूर येथे अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात 1615 मध्ये कुंडी भंडारा ही व्यवस्था उभी राहिली. तीत उभ्या विहिरींची, म्हणजे कुंड्यांची, शंभराहून अधिक संख्येची माळ जमिनीखालच्या बोगद्याने जोडलेली आहे. नळदुर्ग 1613 चे. म्हणजे परस्परांशी लढणाऱ्या तीन सत्तांनी एकाच दशकात, काहीशे किलोमीटरच्या अंतरात, तीन वेगवेगळ्या पद्धतींनी पाणी बांधले. खडकी व बुऱ्हाणपूर येथे भूजल गोळा करून गुरुत्वाकर्षणाच्या बळावर वाहते केले गेले. नळदुर्ग येथे वाहते पाणी अडविले गेले.

या तिन्ही ठिकाणी व्यवस्था दडविण्यामागे केवळ सौंदर्यदृष्टी नव्हती. उघड्या पाटातील पाणी उन्हाने आटते, गढूळ होते आणि शत्रूला सहज तोडता वा विषारी करता येते. वेढ्यांच्या त्या काळात पाण्याची वाट ही लष्करी गुपिताची बाब होती. मलिक अंबरला हे दोन्ही बाजूंनी ठाऊक होते. 1624 मध्ये त्याने इब्राहिम आदिलशहाचे आवडते नवरसपूर उद्ध्वस्त केले आणि त्याच वर्षी भातवडीच्या लढाईत तेथील तलावाचे पाणी सोडून मोगल व आदिलशाही फौजांचा मार्ग चिखलाचा केला. ज्याने एका शहराला पाणी दिले, त्यानेच पाण्याचे शस्त्र केले. पाण्याच्या व्यवस्थेचे नकाशे का सापडत नाहीत, याचे एक उत्तर येथे मिळते : ते सर्वांना दिसावेत असे करणाऱ्यांनाच वाटत नसावे.

पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रज येथे तलाव बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ आणला. त्याच्या मार्गावर हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास ठेवले होते आणि शहरात जागोजागी हौद होते. या हौदांची नावे पुण्यातील चौकांना व पेठांतील जागांना अजून चिकटून आहेत. पुण्यात नळाचा शोध घेणाऱ्यास या नावांचा मोठा आधार मिळतो. खडकीची नहर आणि कात्रजचा नळ यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचे कारणही सारखेच आहे. घरोघरी नळाचे पाणी आले, हौदावर जाणारी माणसे थांबली, आणि वापरणाऱ्यांबरोबर निगा राखणारेही गेले. त्यानंतर उच्छ्वास म्हणजे रस्त्यातील अडचण एवढेच उरते.

चढून येणारे पाणी

तुळजापूरच्या बाबतीत हा बदल विशेष रीतीने घडला आहे. नळदुर्गजवळ बोरी नदीवर कुरनूर मध्यम प्रकल्प आहे. तुळजापूर शहराला या धरणातून पाणीपुरवठा होतो. ज्या गावात पाणी आपसूक उतरून गोमुखाशी येत होते, त्या गावात आता ते दुरून, विजेच्या बळावर, चढून येते. कृष्णा–मराठवाडा उपसा सिंचन योजनेतून पाणी टप्प्याटप्प्याने उपसून तुळजापूरजवळच्या रामदरा तलावात आणण्याची योजनाही याच प्रकारची आहे. यात दोष काढण्याचे कारण नाही. लाखोंच्या यात्रेची तहान एका झऱ्याने भागणार नाही आणि दुष्काळी तालुक्याला बाहेरचे पाणी हवेच आहे. परंतु उतरणाऱ्या पाण्याला उतार पुरतो, चढणाऱ्या पाण्याला वीज, पंप, देयक आणि दुरुस्ती लागते. शिवाय बाहेरून येणारे पाणी वापरून झाल्यावर पुन्हा त्याच जुन्या उतारावरून, त्याच बुजलेल्या वाटांनी बाहेर पडणार असते. आवकीची वाट बदलली. जावकीची तीच राहिली आणि तिच्यावरचा भार मात्र अनेक पटींनी वाढला.

या वाढलेल्या भाराच्या वेळीच जुनी कुंडे जमिनीचे तुकडे म्हणून ओळखली जाऊ लागली. बनावट कागदपत्रांच्या आधारे मंकावती कुंडाची जागा बळकावल्याच्या आरोपावरून 2021 मध्ये गुन्हा नोंदविण्यात आला. त्या प्रकरणाचा न्यायनिवाडा हा न्यायालयाचा विषय आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने लक्षात घेण्याची गोष्ट वेगळी आहे. कुंडाची मालकी तपासताना मिळकतपत्रिका पाहिली जाते. त्यात क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि धारकाचे नाव असते. कुंडात पाणी कोणत्या बाजूने येते आणि भरल्यावर कोणाच्या जोत्याखालून जाते, याला त्या पत्रिकेत रकाना नाही. त्यामुळे कुंड वाचले तरी त्याची वाट वाचेल याची खात्री देता येत नाही.

प्रश्न तातडीचा होण्याचे कारण म्हणजे तुळजाभवानी मंदिर परिसराचा विकास आराखडा. 1865 कोटी रुपयांच्या या आराखड्याला राज्य मंत्रिमंडळाने 6 मे 2025 रोजी चौंडी येथील बैठकीत मंजुरी दिली. एवढ्या मोठ्या खर्चाचे काम म्हणजे खोदकाम, भराव, फरसबंदी आणि नवे रस्ते. डोंगराच्या कुशीत, झऱ्यांच्या थरावर हे काम होणार आहे. जुन्या फरशीखाली काय असते याचा अनुभव महाराष्ट्राने अलीकडेच घेतला आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात मे 2024 मध्ये संवर्धनाचे काम चालू असताना हनुमान दरवाजाजवळ फरशीखाली एक तळघर सापडले आणि त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. मूर्ती सापडली की काम थांबते, पंचनामा होतो, तज्ज्ञ येतात. खोदताना एखादा दगडी चर सापडला, तर मात्र तो बहुधा जुने गटार समजून बुजविला जातो. गोमुखाची धार ज्या चरावर अवलंबून आहे तो चर आणि एखादे निरुपयोगी गटार यांत वरवर पाहता काहीच फरक नसतो. चुकीचा चर बुजला तर पाणी नाहीसे होत नाही. ते एखाद्या पावसाळ्यात भिंतीतून, पायऱ्यांच्या सांध्यांतून किंवा पायाखालून बाहेर येते.

म्हणून खोदकामापूर्वी या उताराची पायी पाहणी होणे आवश्यक ठरते. तिला मोठ्या खर्चाची गरज नाही, ऋतूंची मात्र आहे. एकदा वैशाखात, सर्व काही कोरडे असताना, ओल कोठे टिकते हे पाहावे लागेल. दुसऱ्यांदा मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत, पाणी कोणत्या गल्लीतून धावते हे. आणि तिसऱ्यांदा नवरात्राच्या गर्दीत, वापरलेले पाणी कोठे जाऊन तुंबते हे. गावातील पुजारी, जुने गवंडी आणि कुंडे उपसणारी माणसे यांच्याकडे असलेली माहिती त्याच वेळी नोंदवून घेता येईल. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी भूगोल व इतिहास या दोन विभागांच्या सहकार्याने करण्याजोगे हे काम आहे.

नळदुर्गकडे असे काम थोडे सोपे आहे, कारण तेथे पाणी स्वतःच सूचना देते. कुरनूर प्रकल्प भरून वाहू लागला की बोरीचे पाणी किल्ल्याच्या डोहात येते आणि नर-मादी कोसळू लागतात. धरण न भरल्यास ते कोरडे राहतात. 1613 च्या बांधाचे चालणे-थांबणे आता वरच्या धरणाच्या सांडव्यावर ठरते, आणि त्याच धरणाचे पाणी नळाने तुळजापूरला जाते. चांगल्या पावसाच्या वर्षी महालाच्या खिडकीसमोर जो पडदा पडतो, तो तुळजापूरच्या घागरी भरून उरलेल्या पाण्याचा असतो.